प्रतिसाद: जुळ्यांची वार (प्लॅसेंटा) एकच असेल तर महिनाभर थांबू नका
ताई, तुमच्या भावजयीला 17 वा आठवडा, जुळ्यांची वार एकच, अन् पुढची सोनोग्राफी महिन्याने सांगितली हे वाचून राहवलं नाही. वार एक असली की 16 व्या आठवड्यापासून दर 2 आठवड्यांनी सोनोग्राफी व्हायलाच पाहिजे, कारण वारेवरच्या रक्तवाहिन्या आपसात जोडलेल्या असतात अन् अशा 100 पैकी 10-15 जणींमध्ये एका बाळाचं रक्त दुसऱ्याकडे जास्त जायला लागतं. माझ्या जावेचं असंच झालं, इथे नागपुरात धरमपेठेत सोनोग्राफी केली तर एका बाळाभोवतीच्या पाण्याची खोली 2 सेंमीच्याही आत, ते बिचारं गर्भाशयाच्या भिंतीला चिकटून बसलेलं, मूत्राशय पण दिसेना, अन् दुसऱ्याकडे 8 च्या वर.

वेळेत कळलं तर साधारण 16 ते 26 आठवड्यांत दुर्बिणीतून लेसरने त्या जोडवाहिन्या बंद करतात, नुसतं पाणी काढण्यापेक्षा हे बरं असं 2004 च्या युरोपातल्या ट्रायलमध्ये दिसलंय. धोका आहेच, पिशवी लवकर फुटू शकते, दोन्ही बाळं वाचतीलच असं कोणी सांगू शकत नाही. पोट एकदम ताणलं, दम लागला तर तारखेची वाट पाहू नका. फीटल मेडिसिनवाल्या (पोटातल्या बाळांवर उपचार करणाऱ्या) डॉक्टरांची अपॉइंटमेंट आजच घ्या बाप्पा, अन् 11-14 आठवड्यांचा जुना रिपोर्ट सोबत न्या, वार एक की दोन ते त्यातच नीट कळतं.