मदत हवी आहे: फिरती आणि प्रेझेंटेशनसाठी लॅपटॉप

मंडळी, बजेट 80 हजार, काम पॉवरपॉइंट, एक्सेल आणि थोडं झूम, गेमिंग वगैरे काही नाही. फिरती बहुतेक एसटीने, त्यामुळे वजन दीड किलोच्या आत हवं आणि बॅटरी दिवसभर टिकली पाहिजे. 13 इंची मॅकबुक एअर दुकानात हाताळला, 1.24 किलो, आत पंखाच नाही, आवडला, पण एचडीएमआय पोर्ट (स्क्रीन-प्रोजेक्टरची केबल लावायची जागा) नाही आणि तालुक्याच्या हॉलमधले प्रोजेक्टर अजून जुन्या व्हीजीए केबलवालेच (केबल दोन बोटांनी दाबून धरा, तेव्हा चित्र येतं). मित्राचा स्वस्तातला यूएसबी-सी डोंगल (प्रोजेक्टरची केबल लॅपटॉपला जोडायचा छोटा अडॅप्टर) जुन्या लॅपटॉपला लावून बघितला तर स्क्रीन मध्येच काळी होते. सेकंडहँड नको, जीएसटी बिल लागेल.

तर एचडीएमआयवाला हलका विंडोज घेऊ की मॅक आणि चांगला डोंगल, आणि डोंगल असेल तर नेमका कोणता? शिवाय विंडोजवर केलेल्या मराठी स्लाइड मॅकवर उघडल्या की ओळी सरकतात का?