'मी गेलो' म्हणणारी बाई चुकली का?

वहीवाला (धागाकर्ता)
गेल्या महिन्यात कोल्हापुरात राजारामपुरीत एका कथालेखन कार्यशाळेला बसलो होतो. दोन दिवस, बारा जण. शिकवणारे सर परदेशात लेखनाचं रीतसर शिक्षण घेऊन आलेले. अभ्यासू माणूस, त्यात वाद नाही. दुसऱ्या दिवशी एका मुलीची कथा निघाली. नायिका कागलकडची. पहिलंच वाक्य: "सकाळी उठलो, चूल पेटीवली आन् दळप घिऊन गिरणीत गेलो." सरांनी 'उठलो', 'गेलो' खोडून 'उठले', 'गेले' केलं आणि समासात लाल शाईनं लिहिलं: 'लिंगाची गफलत'.

अहो, आमच्याकडं बायका तसंच बोलतात! माझी आई जन्मभर 'मी आलो' म्हणत आलीय.

वर नियम असा, की जिची कथा तिनं चर्चा संपेपर्यंत बोलायचं नाही. अमेरिकेत आयोवा विद्यापीठात १९३६ साली लेखनाचा वर्ग सुरू झाला, त्या वळणाची ही पद्धत. मुलगी गप्प. पुढं आणखी दोन शेरे: 'पहिलं दीड पान काढा' आणि 'संघर्ष कुठे आहे?' माझं म्हणणं एवढंच: दुसऱ्याच्या मुलखात लिहायला शिकवायला गेलात तर आधी विचारा, मग खोडा.

तालमीतला
भावा, लाल शाई दिसली की आपल्याला लगेच संस्कृती आठवते. दीड पान चूल आणि दळप वाचून मलाबी झोप आली असती. आपलं कुस्तीचं खासबाग मैदान बघ. रोमचं कलोझियम बघून शाहू महाराजांना कल्पना सुचली, असं आपणच पाहुण्यांना कौतुकानं सांगतो की. दिलीप चित्रे १९७५ साली आयोवाच्या आंतरराष्ट्रीय लेखन उपक्रमाला गेले, म्हणून त्यांनी इंग्रजीत नेलेला तुकाराम बाटला का? डाव कुठलाबी असू दे, बसला की समोरचा चीत.

वहीवाला
कल्पना रोमची असेल, पण माती? ती लाल माती इथंच हळद, ताक, तेल घालून मळतात.

तालमीतला
मातीवर भांडण नाही. पण वस्ताद बोलताना पोरगं मधी तोंड घालतं का? मग वर्गात गप्प बसवलं तर काय आभाळ कोसळलं?

उला_सानी
वस्तादाचा दाखला तुमच्यावरच उलटतोय. वस्तादाला पोराचं सगळं ठाऊक असतं: खुराक काय, कुठला गुडघा दुखतो, घरी भांडण झालंय का. गझलेतली इस्लाह तशीच. उस्ताद वही घेतो, शेर दुरुस्त करून परत देतो. सुरेश भटांनी नवोदितांसाठी 'गझलेची बाराखडी' लिहिली, ती चांगली कडक आहे. वृत्त चुकलं की चुकलं, तिथं 'आमच्या गावात असंच म्हणतात' चालत नाही. पण तो व्यवहार दोघांचा आणि वर्षानुवर्षांचा. बारा अनोळखी माणसांनी वीस मिनिटं बोलायचं आणि लिहिणारीनं भिंतीसारखं ऐकायचं, ही इस्लाह नव्हे.

गडहिंग्लजच्या_बाई
संघर्षाबद्दल बोलते. जपानी गोष्टींत किशोतेन्केत्सु नावाची बांधणी आहे, मूळ चिनी चार ओळींच्या कवितेतली. ओळख, विस्तार, अनपेक्षित वळण, मेळ. दोन पक्ष एकमेकांवर उठलेच पाहिजेत असं नाही, वळण मात्र हवं. मी ती कॉलेजात शिकवून बघितली. एका मुलानं ऊसतोडीवर लिहिलं. दोन भाग नुसती तोड, मोळ्या, ट्रॉली भरणं. तिसऱ्यात एकदम कारखान्याच्या काट्यावरचा कारकून डबा उघडतो, तर डब्यात कोरडी भाकरी आणि खर्डा, तोडणाऱ्याच्या फडक्यात होता तोच. बाकी काही घडत नाही. वर्ग थोडा वेळ गप्पच होता.

तेव्हा परकं तंत्र नको, हे मला पटत नाही. एकच तंत्र सगळ्यांच्या बोकांडी बसवलं की गडबड होते.

आणि वहीवाला, बोली आहे म्हणून सगळं माफ नसतं हं. अर्धी पोरं 'व्हय' आणि 'आन्' लोणच्यासारखी तोंडी लावतात. आनंद यादवांची 'गोतावळा' ही कादंबरी (१९७१) अख्खी बोलीत आहे, कारण तिच्यातल्या नारबाचं मनच त्या बोलीत चालतं. ही मुलगी कशासाठी वापरतेय, ते तिला कुणी विचारलं का?

पुणेकर_नाइलाजानं
बाहेरच्या वाचकाचं काय? बाईच्या तोंडी 'गेलो' वाचून मला आधी छपाईची चूकच वाटेल. दुसऱ्यांदा दिसलं तर पुस्तक मिटेन. त्या सरांनी वाचक म्हणून प्रामाणिक शेरा दिला, त्यांना झोडपू नका.

दळपवाली
ती कथा माझी. तीन दिवस नुसती वाचत बसलोय, आज बोलतो.

नायिका चौथ्या पानावर लग्न होऊन पुण्याला जाते. तिथं ती 'मी आलो' म्हणते आणि सासू हसते. वाईट नाही हसत, पण शेजारणीला बोलावून परत म्हणायला लावते. त्या दिवसापासनं ती 'आले', 'गेले' म्हणायला लागते. शेवटी माहेरी फोन लावते. आई विचारते, "कोण?" आणि 'मी बोलतो' म्हणायचं का 'मी बोलते', तिथं ती अडकते. कथा एवढीच आहे. सरांनी पहिल्याच ओळीत 'गेले' केलं, मग पुढं उरलं काय? सांगायला तोंड उघडलं तर म्हणाले, नियम.

पुणेकर_नाइलाजानं
सासू पुण्याचीच हवी होती का?

दळपवाली
माझी तिथलीच आहे.

तालमीतला
हात्तिच्या. हे त्या सरांना लिहून कळव की. तरीबी एक म्हणतो, चौथ्या पानापर्यंत वाचणारा टिकला पाहिजे. त्या दीड पानाचं काय?

दळपवाली
ते कापलं. त्यात सर बरोबर होते. चूल गेली, गिरणी ठेवलीय.