बारा मैलांच्या आत राज्य, पलीकडे केंद्र : या वाटणीत किनाऱ्याच्या हाती काय उरले?

दर्यावर्दी, मालवण (चर्चेचा प्रस्ताव)

संविधानाच्या सातव्या अनुसूचीत मासेमारी दोन ठिकाणी येते. राज्य सूचीतील २१ वी नोंद मत्स्यव्यवसाय राज्याकडे सोपवते, तर संघ सूचीतील ५७ वी नोंद प्रादेशिक समुद्रापलीकडची मासेमारी केंद्राकडे ठेवते. १९७६ च्या सागरी क्षेत्रांविषयीच्या कायद्याने प्रादेशिक समुद्राची हद्द १२ सागरी मैल आणि अनन्य आर्थिक क्षेत्राची (जिथल्या मासळीसारख्या संपत्तीवर देशाचा हक्क असतो) २०० सागरी मैल अशी धरल्यामुळे, आमच्या तांडेलांना (नौकेच्या प्रमुखांना) जी रेषा पाण्यावर कधीच दिसत नाही, तिच्या अलीकडे एक सरकार आहे आणि पलीकडे दुसरे.

ही वाटणी कागदावर शाबूत असली, तरी राज्याचा वाटा आतून पोखरला गेला आहे, असे माझे म्हणणे आहे. जमीन हा राज्याचा विषय. पण किनाऱ्यावर भरतीरेषेपासून ५०० मीटरपर्यंत काय बांधता येईल, हे १९९१ पासून केंद्राची सीआरझेड (किनारी नियमन क्षेत्र) अधिसूचना ठरवते. तिला आधार १९८६ च्या पर्यावरण संरक्षण कायद्याचा आहे, आणि तो कायदा संसदेने आंतरराष्ट्रीय परिषदेतील निर्णयांच्या अंमलबजावणीसाठी मिळणाऱ्या अधिकारातून केला. म्हणजे सूचीतला एकही शब्द न बदलता विषय हलला. बंदरांचेही तसेच आहे. लहान बंदरे राज्याच्या सागरी मंडळाकडे असली, तरी २०२५ च्या भारतीय बंदरे कायद्याने त्यांच्या नियोजनावर बोलणारी परिषद केंद्रीय मंत्र्यांच्या अध्यक्षतेखाली बसवली. वाढवण बंदराच्या कंपनीत केंद्राच्या बंदर प्राधिकरणाचा वाटा ७४ टक्के आणि महाराष्ट्र सागरी मंडळाचा २६ टक्के आहे. समुद्र पालघरचा, मच्छीमार पालघरचे, आणि राज्य मात्र धाकटा भागीदार.

वाडीकर, रत्नागिरी

कलमे बरोबर आहेत, निष्कर्ष पटत नाही. पोखरले गेले म्हणताना राज्याच्या हाती जे निर्विवादपणे होते त्याचे राज्याने काय केले, हे आधी विचारायला हवे. महाराष्ट्राचा सागरी मासेमारी नियमन कायदा १९८१ चा. त्यातल्या दंडाच्या रकमा एवढ्या किरकोळ होत्या की पर्ससीनवाला (मोठ्या जाळ्याने मासळीचा अख्खा थवा वेढून पकडणारा) त्या एका फेरीच्या बांगड्यात वसूल करीत असे; त्या भरीव वाढायला २०२१ उजाडले. ही ४० वर्षे दिल्लीने अडवलेली नव्हती. ५ फेब्रुवारी २०१६ च्या आदेशाने राज्याने पर्ससीनचे परवाने टप्प्याटप्प्याने १८२ वर आणण्याचे आणि ही मासेमारी सप्टेंबर ते डिसेंबर एवढ्याच काळात चालू देण्याचे ठरवले. आदेश चांगला होता. परंतु जानेवारीनंतर कोणत्याही अंधाऱ्या रात्री जेटीच्या टोकावर उभे राहून पश्चिमेला पाहा : क्षितिजावर मासळीला ओढून घेणाऱ्या एलईडी दिव्यांचा पांढरा पट्टा असा पसरलेला असतो की नवख्या माणसाला तिथे एखादे शहर असावे असे वाटावे. केंद्राने २०१७ मध्येच आपल्या क्षेत्रात या दिव्यांवर बंदी घातलेली आहे. बंदी दोघांचीही आहे आणि पट्टाही जागच्या जागी आहे.

शिवाय तारली-बांगड्याचा थवा राज्याची हद्द पाळत नाही, आणि परराज्यांतले ट्रॉलरही पाळत नाहीत. पाच सरकारांनी पश्चिम किनाऱ्यावर पाच वेगवेगळे नियम करण्यापेक्षा एकच नियम असलेला बरा. पावसाळ्यातली मासेमारीबंदी पश्चिम किनाऱ्यावर जवळपास एकाच वेळी पाळली जाते, तिचा फायदा आपल्यालाच होतो.

एक वाचक, दापोली

सीआरझेडविषयी एक अनुभव सांगतो. किनारा व्यवस्थापन आराखड्याच्या जनसुनावणीत भिंतीवर नकाशा लावलेला होता. आमची वाडी जिथे असायला हवी तिथे पिवळ्या रंगाचा रिकामा पट्टा होता. होड्या ओढायची जागाही नव्हती आणि मासळी सुकवायचे खळेही नव्हते. आम्ही विचारले तेव्हा उत्तर मिळाले की नियम केंद्राचे आहेत. केंद्राच्या नियमांत मात्र असा आराखडा तयार करण्याचे काम राज्याकडे आणि मंजुरी केंद्राकडे आहे. त्या दिवसापासून अधिकार नेमका कोणाकडून कोणाकडे सरकतो आहे, हे मला खरोखरच कळेनासे झाले आहे.

दर्यावर्दी, मालवण

वाडीकर, दंडाबद्दलचा मुद्दा मान्य. त्या दिरंगाईचे समर्थन मी करणार नाही. पण पुढची पायरी पाहा. गस्तीनौकेने एखादी पर्ससीन नौका पकडली की तिचे पहिले उत्तर ठरलेले असते : आम्ही बारा मैलांच्या बाहेर होतो, तिथे तुमचा कायदा चालत नाही. राज्याचा आदेश तिथेच लुळा पडतो. तामिळनाडूने २०२२ मध्ये पर्ससीनवर पूर्ण बंदी घातली; जानेवारी २०२३ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने अंतरिम आदेशाने बारा मैलांपलीकडे ती मासेमारी आठवड्यातून दोन दिवस, सोमवारी आणि गुरुवारी, सकाळी ८ ते संध्याकाळी ६ पर्यंत करू दिली. अटी चोख आहेत, हे खरे. तरी एका राज्याने आपल्या किनाऱ्यासाठी घेतलेला निर्णय त्या रेषेवर थांबला, हेही तितकेच खरे.

आणि पैशांचे काय? गस्तीनौका, डिझेल, खलाशी यांना पैसा लागतो. २०१७ च्या वस्तू व सेवा करानंतर राज्याला स्वतःचे कर ठरवायला जागा कमी उरली, आणि केंद्र जे उपकर व अधिभार लावते ते राज्यांशी वाटून घ्यावे लागत नाहीत.

वाडीकर, रत्नागिरी

वस्तू व सेवा कर परिषदेत राज्यांच्या मतांचे वजन मिळून दोन-तृतीयांश आहे, आणि परिषदेच्या शिफारशी बंधनकारक नाहीत असे सर्वोच्च न्यायालयाने २०२२ मध्ये सांगितले आहे. तेव्हा राज्य अगदीच हतबल नाही. उपकरांबाबत मात्र तुमच्याशी वाद घालत नाही.

बारा मैलांच्या पळवाटेवर एक प्रश्न विचारतो. नौका पलीकडे मासळी पकडते हे धरून चालू. ती मासळी उतरते कुठे? मिरकरवाड्यात, हर्णैला, देवगडला. राज्याच्या बंदरात, राज्याच्या नोंदवहीत. बाहेर जाताना आणि परतताना ती राज्याचेच बारा मैल ओलांडते. नोव्हेंबर २०२५ च्या केंद्राच्या नियमांनी यांत्रिकी नौकांना अनन्य आर्थिक क्षेत्रात जाण्यासाठी प्रवेशपत्र सक्तीचे केले आहे. हंगामाबाहेर पर्ससीन जाळे घेऊन आलेल्या नौकेकडे जेटीवरच ते पत्र मागावे आणि नसेल तर मासळीचा लिलाव थांबवावा, एवढे करायला दिल्लीची परवानगी कशाला लागते?

दर्यावर्दी, मालवण

परवानगी लागत नाही. पहाटे चार वाजता, दोन-अडीचशे माणसे टोपल्या घेऊन उभी असताना, लिलाव थांबवणारा अधिकारी लागतो. आमच्या जेटीवर तो हंगामात मला दोनदा दिसला, आणि दोन्ही वेळा लिलाव उरकल्यावर.