बारावीनंतर रेडिओलॉजीचं बीएस्सी घेऊ का? (ठाणे / नवी मुंबई)

ऐरोलीची_चिमणी:
यंदा बारावी झाली पीसीबी घेऊन, नीटचा स्कोअर सांगण्यासारखा नाही, म्हणून रेडिओलॉजी आणि इमेजिंगचं बीएस्सी बघतेय. घरी दोन पार्ट्या पडल्यात. बाबा म्हणतात कर, आईचं एकच पालुपद, रेडिएशनचं काम मुलीच्या जातीला नको. खरंच एवढं डेंजर असतं का? आणि कॉलेज बघताना काय बघायचं? नेरुळ, कामोठे कुठेही चालेल, ट्रान्स हार्बरने जाईन.

फिल्मवाला_दादा:
आईला सांग, एमआरआय आणि सोनोग्राफीत एक्स-रे नसतातच. एक्स-रे, सीटीला असतात पण तेव्हा आपण लेड ग्लासच्या (शिसं घातलेल्या काचेच्या) मागे. मशीनपासून अंतर दुप्पट केलं की डोस (अंगावर पडणारं रेडिएशन) पाव होतो, हे फिजिक्स तुला पहिल्याच वर्षी घोकायचंय. लेड एप्रनच्या आत छातीवर टीएलडी बॅज (रेडिएशन मोजणारा बिल्ला) असतो, तो ठरावीक काळाने लॅबला जातो आणि तुझा डोस लेखी येतो. एईआरबीची (अणुऊर्जा नियामक मंडळाची) मर्यादा वर्षाला २० मिलिसिव्हर्ट (हे डोस मोजायचं एकक; ५ वर्षांची सरासरी), एका वर्षात ३० च्या वर कधीच नाही. बाई प्रेग्नंट असल्याचं कळवलं की बाळासाठी उरलेल्या काळात १ मिलिसिव्हर्ट.

कॉलेजचं म्हणशील तर बिल्डिंग बघू नकोस, पोस्टिंग (प्रॅक्टिकल ट्रेनिंग) कुठल्या हॉस्पिटलात ते विचार आणि सकाळी ओपीडीच्या वेळेला तिथे जाऊन ये. लेड एप्रन हँगरला टांगलेत की घडी घालून टेबलावर टाकलेत ते बघ. घडीने आतल्या थराला भेगा जातात, बाहेरून कळत पण नाही. जिथे एप्रनचे हे हाल तिथे पोरांच्या बॅजची कोण काळजी घेणार?

कळवा_फास्ट:
सेकंड इयरला आहे. दादा बरोबर बोलले पण खरं काम पेशंटशी असतं हे कोणी सांगत नाही. एमआरआयला आलेल्या आजीला विचारलं अंगावर काही धातू आहे का तर नाही म्हणते, आणि पदराला एक, ब्लाउजला एक अशा सेफ्टी पिना निघतात, अंबाड्यातले आकडे वेगळेच 😅 एमआरआय म्हणजे मोठा मॅग्नेट, लोखंड खेचतो, आणि तो चोवीस तास चालूच असतो, स्कॅन नसला तरी. २०१८ ला मुंबईतच एक माणूस ऑक्सिजन सिलिंडर घेऊन एमआरआयच्या खोलीत गेला आणि जिवानिशी गेला. त्यामुळे दाराशी उभं राहून दहादा विचारायची लाज वाटत असेल तर येऊ नकोस.

ऐरोलीची_चिमणी:
थँक्यू दोघांना 🙏 म्हणजे पास झाल्यावर स्वतःचं सोनोग्राफी सेंटर टाकता येईल ना? बाबांचा तोच प्लॅन आहे.

फिल्मवाला_दादा:
सेंटर टाकायला पीसीपीएनडीटीखाली (गर्भलिंगनिदान बंदीचा कायदा) नोंदणी लागते आणि सोनोग्राफी करायची ती पात्र डॉक्टरनेच, टेक्नॉलॉजिस्टने, म्हणजे हा कोर्स केलेल्याने, प्रोब (पेशंटच्या अंगावर फिरवतात तो) धरायचा नाही. रिपोर्ट पण रेडिओलॉजिस्टचा, तो एमडी झालेला. काही क्लासवाले हे मुद्दाम गुळमुळीत सांगतात. बाबांना आत्ताच सांग, फी भरल्यावर नको. सीटी-एमआरआयवर हात बसला की नोकरीचं बघता येतं, फक्त नाइट ड्युटी सुटत नाही.

कळवा_फास्ट:
आणि फिजिक्सचं अकरावीचं पुस्तक रद्दीत देऊ नकोस.