मदत हवी आहे: अभ्यासिकेचं नेट सारखं बंद पडतंय, स्विच नवीन आहेत

अभ्यासिका_पेठ
सदाशिव पेठेत आमची अभ्यासिका आहे. खाली ३० टेबलं, वर २०. बहुतेक राज्यसेवेची मुलं. कालपासून नेट सारखं बंद पडतंय. राउटर दोनदा रीसेट केला. नेटवाल्यांचा माणूस आला आणि 'आमची लाइन ओके आहे' म्हणून गेला. नेटचे स्विच (सगळ्या टेबलांच्या तारा जिथे जोडल्यात ते डबे) नवीन आहेत, पंधरा दिवसही झाले नाहीत. मुलं फी परत मागतायत. काय करू? कृपया लवकर सांगा.

बिनतारी
स्विच किती? मॅनेज्ड (सेटिंग बदलता येणारे) की साधे? सगळ्यांचं नेट जातं की काहींचंच? कधी जातं, कधी येतं? एवढं तरी लिहा, त्याशिवाय कोण काय सांगणार?

कोथरूड_केबल
भाऊ, स्विचला दोष देऊ नका, क्रिम्पिंग (तारेच्या टोकाला प्लग नीट बसवलाय का ते) तपासा. गिगाबिटला (१००० एमबीपीएस वेगाला) तारेतल्या चारही जोड्या लागतात, एक जरी सुटली तरी वेग १०० वर येतो नाहीतर लिंकच धरत नाही. बुधवार पेठेत तपकीर गल्लीत साधा टेस्टर मिळतो, तो आधी आणा.

पहाटपाळी
टेबलाटेबलाला तारा कशाला ओढल्यात? दोन चांगले वायफाय अ‍ॅक्सेस पॉइंट लावा, कटकट संपेल. आमच्या सोसायटीत तेच केलं.

अभ्यासिका_पेठ
भाऊ नाही, ताई. वायफाय होतं, ५० मुलांनी एकदम व्हिडिओ लेक्चर लावलं की रडायचं, म्हणून तर तारा टाकल्या. स्विच दोन आहेत, साधे, एक खाली आणि एक वर. राउटर खाली. सकाळी सातला खालची खोली उघडते, तेव्हा सगळं छान चालतं. दहाला वरच्या खोलीचं विजेचं बटण दाबलं की मिनिटभरात खालच्यांचंही नेट जातं. वरचं बटण बंद केलं की परत येतं.

निवृत्त_तारखाते
मग उघड आहे. वरची वीस यंत्रं जोडली की लोड येतो. टेलिफोन खात्यात आयुष्य गेलं माझं, एक्स्चेंजवर ताण आला की हेच व्हायचं. मोठा स्विच घ्या.

बिनतारी
काका, तुमच्या अनुभवाबद्दल आदर आहे, पण वीस लॅपटॉपनी स्विच दमत नाही. जुना हब आलेला डेटा सगळ्या पोर्टवर फेकायचा. स्विच तसं करत नाही. कुठल्या पोर्टवरून कुठला मॅक पत्ता (यंत्राच्या नेटवर्क कार्डाचा क्रमांक) बोलला हे तो आपल्या तक्त्यात टिपून ठेवतो आणि त्या पत्त्याचा डेटा पुढे त्याच पोर्टला देतो. पत्ता तक्त्यात नसेल किंवा संदेश सगळ्यांसाठी असेल, तरच सगळीकडे पाठवतो.
ताई, वर एखादा जुना राउटर जोडलाय का? तोही आयपी पत्ते वाटत बसला तर घोळ होतो. आणि नेट गेलं की स्विचचे दिवे कसे दिसतात?

अभ्यासिका_पेठ
वर राउटर नाही. दिवे सगळे एकदम, न थांबता लुकलुकतात. ज्या लॅपटॉपवर कुणी बसलेलंही नाही, त्याचासुद्धा. हे महत्त्वाचं आहे का?

बिनतारी
खूप. खालच्या आणि वरच्या स्विचमध्ये तारा किती?

अभ्यासिका_पेठ
दोन. परवा वायरमनकडून दुसरी टाकून घेतली, वरच्यांना दुप्पट वेग मिळावा म्हणून.

बिनतारी
हेच कारण आहे! एखादा लॅपटॉप 'आयपी पत्ता द्या' म्हणून सगळ्यांना हाक मारतो. खालचा स्विच ती हाक दोन्ही तारांवरून वर पाठवतो. वरचा स्विच एका तारेवरून आलेली हाक दुसरीवरून परत खाली पाठवतो. खालचा पुन्हा वर. आयपी पॅकेटला उड्यांची (किती राउटर ओलांडायचे त्याची) मर्यादा असते, इथरनेट फ्रेमला (तारेवरून जाणाऱ्या डेटाच्या पाकिटाला) नसते, त्यामुळे ती हाक मरतच नाही. अशा शेकडो हाका फिरायला लागल्या की खऱ्या डेटाला जागा उरत नाही. शिवाय एकच मॅक पत्ता कधी या पोर्टवर दिसतो, कधी त्या, म्हणून स्विचचा तक्ताही सतत चुकतो. दुसरी तार काढा. आत्ता.

निवृत्त_तारखाते
आम्ही नेहमी दोन लाइनी ठेवायचो. एक तुटली तर दुसरी. दोन तारा चूक कशा?

बिनतारी
काका, दोन तारा चूक नाहीत, साध्या स्विचवर चूक आहेत. मॅनेज्ड स्विचमध्ये स्पॅनिंग ट्री असतं. रेडिया पर्लमन यांनी ते १९८५ मध्ये शोधलं. स्विच आपापसात बोलून एक वाट तात्पुरती बंद ठेवतात आणि चालू वाट तुटली की ती उघडतात. तुम्ही म्हणताय तेच. पण बंद वाटेने वेग वाढत नाही. दोन्ही तारा एकदम वापरायच्या तर दोन्ही स्विचवर लिंक अ‍ॅग्रीगेशन (दोन तारा मिळून एकच धरायची सेटिंग) लावावं लागतं.

कोथरूड_केबल
तरी क्रिम्पिंग बघून घ्याच.

पहाटपाळी
बरोबर, पण मॅनेज्ड घेतलात तर सीसीटीव्ही वेगळ्या व्हीलॅनवर (त्याच स्विचवर आखलेल्या वेगळ्या जाळ्यावर) टाकता येतील. आमच्याकडे कॅमेरे पण...

बिनतारी
कॅमेऱ्यांचं कुणी विचारलेलं नाही हो. ताई, तुमची नेटची लाइन किती एमबीपीएसची?

अभ्यासिका_पेठ
२००.

बिनतारी
मग दुसऱ्या तारेचा उपयोगच नव्हता. स्विच गिगाबिट असतील तर एकच तार १००० नेते, बाहेरून येतंयच २००. वेग हवा तर लाइन वाढवा.

अभ्यासिका_पेठ
तार काढली, वरचं बटण दाबलं. अर्धा तास झाला, दोन्हीकडे चालू आहे. दिवेही आता आपापले लुकलुकतायत. मुलांना सांगून आले. मनापासून आभार, दोन दिवस झोप नव्हती. ती तार भिंतीतल्या पट्टीत बसवलीय, उपटू का?

कोथरूड_केबल
उपटू नका, पट्टी फुटेल. चालू तार कधी उंदराने कुरतडली तर तीच कामाला येईल. फक्त दोन्ही टोकांना चिकटपट्टी गुंडाळा आणि 'जोडू नये' अशी चिठ्ठी लावा. सुटं टोक दिसलं की कुणीतरी मदत म्हणून परत खोचतं.

अभ्यासिका_पेठ
लावली. वरच्या टोकाला मुलांनीच लाल पेनाने लिहून दिलं.