वीज आणायची कुठून, यापेक्षा आणायची कशी?

'नवी मुंबईत महापे-रबाळेत डेटा सेंटर वाढली तरी विदर्भ-मराठवाड्यात सौर प्रकल्प होतायत, मग चिंता कसली?' असं वर एकाने लिहिलंय. मला हे पटत नाही.

डेटा सेंटर म्हणजे इंटरनेटचे सर्व्हर ठेवलेली इमारत; तिचा विजेचा भार दिवसरात्र जवळपास सारखाच असतो. १०० मेगावॉटचं सेंटर पूर्ण भाराने चाललं तर दिवसाला २४ लाख युनिट लागतात आणि त्यातली निम्म्याहून जास्त सूर्य नसताना. म्हणजे साठवण हवीच. आपल्याच शहापूर तालुक्याच्या कड्याखाली घाटघरचं २५० मेगावॉटचं उदंचन केंद्र २००८ पासून आहे: रात्री पाणी वर चढवायचं, मागणी वाढली की खाली सोडायचं. आता दुपारच्या सौर विजेवर चढवता येईल. असे प्रकल्प उभे राहायला बरीच वर्षं लागतात, डेटा सेंटर मात्र दीड-दोन वर्षांत चालू होतं. खरी अडचण इथे आहे.

आणि वाहिन्या! १२ ऑक्टोबर २०२० आठवतोय ना? कळवा-पडघे मार्गावरच्या ४०० केव्हीच्या (अतिउच्च दाबाच्या) वीजवाहिन्या बंद पडल्या आणि मुंबई, ठाणे, नवी मुंबई अंधारात गेली. लोकल जागच्या जागी थांबल्या. वीज राज्यात होती, इथवर पोचत नव्हती. म्हणून मोठी जोडणी मंजूर करण्याआधी उपकेंद्राची जागा आणि वाहिनीचा मार्ग राखून ठेवलाच पाहिजे. घरं उभी राहिल्यावर वाहिन्यांचे मनोरे कुठे रोवणार?

पाण्याचंही तेच. सर्व्हर थंड ठेवायला पिण्याचं पाणी देऊच नये, कोपरखैरणे-ऐरोलीचं प्रक्रिया केलेलं सांडपाणी आधी वापरा.