मदत हवी आहे: रंगवलेल्या आकृतीवरून पूर्णांकयुक्त अपूर्णांक कसा शिकवावा?

नमस्कार मंडळी. आमची पोरगी खानापूर तालुक्यात मराठी शाळेत पाचवीला आहे. एका वर्तुळाचा अपूर्णांक ती बिनचूक सांगते. घोडं अडतं ते एकापेक्षा जास्त आकृत्या आल्या की. तीन वर्तुळं, प्रत्येकाचे चार भाग. दोन पूर्ण रंगवलेली, तिसऱ्यात तीनच भाग. उत्तर हवं २ पूर्णांक ३/४. ही सगळेच भाग मोजते, रंगवलेले अकरा, एकूण बारा, आणि ११/१२ लिहून मोकळी! ११/४ लिहिलं असतं तरी चाललं असतं, किंमत तीच. छेद एकाच वर्तुळाच्या भागांवरून ठरतो, हे काही केल्या तिच्या गळी उतरत नाही. भाकरीचे चार-चार तुकडे करून दाखवले, तिथे "दोन अख्ख्या आणि पाऊण" असं झटक्यात म्हणाली. वही उघडली की पुन्हा ११/१२. डेअरीत अडीच लिटर दुधाचा हिशोब मात्र तोंडपाठ, बघा!

आधी अख्ख्या आकृत्यांभोवती गोल करायला लावावं, की सरळ संख्यारेषेवर न्यावं? निपाणी, बेळगावकडच्या शिक्षकांनी वर्गात काय केलं ते सांगा. पाठांतराची युक्ती नको, तिला उमजायला हवं. सरावाला चौरस-आयतांच्या आकृत्या कुणाकडे असतील तर त्याही पाठवा.